समुद्रातले तेल: तीन वाटा आणि एक प्रश्न

समुद्रात तेल सापडले, की आता फक्त ते उपसायचे उरले, असे आपल्याला वाटते. अभियंत्यांची खरी परीक्षा मात्र तिथून सुरू होते. विहिरीचे तोंड कुठे ठेवायचे, तेल किनाऱ्यावर कसे आणायचे आणि माणसांनी कुठे राहायचे, या प्रश्नांची उत्तरे एकदा पोलादात उतरली की ती बदलणे फार महाग पडते.

मुंबई हाय हे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये तिथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पाणी जेमतेम ७५ मीटर खोल असल्याने तळाशी रोवलेले पोलादी प्लॅटफॉर्म परवडले. विहिरींची तोंडे पाण्याबाहेर असल्यामुळे झडप बदलणे, विहीर दुरुस्त करणे तिथेच उभे राहून जमते. अनेक दशके चालणाऱ्या क्षेत्राला हे सोयीचे. तेल आधी टँकरने येई. १९७८ पासून ते नळवाहिनीने उरणला येऊ लागले.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हा मार्ग नव्हता. तिथल्या एमए क्षेत्रात पाणी सुमारे १,२०० मीटर खोल. तेथे २००८ मध्ये तरंगते जहाज नांगरले गेले. तेल शुद्ध करणे, साठवणे आणि टँकरमध्ये भरणे सारे त्याच्यावरच. २०१८ मध्ये उत्पादन थांबल्यावर जहाज हलवता आले. रोवलेल्या प्लॅटफॉर्मला ही मोकळीक नसते. शेजारच्या वायुक्षेत्रात तिसरी वाट घेतली: विहिरींची तोंडे समुद्रतळावरच ठेवली आणि वायू नळांनी गाडीमोगाच्या किनाऱ्यावर नेला. समुद्रात माणसे कमी लागतात, पण तळावरच्या दुरुस्तीला खास जहाज आणि यंत्रे बोलवावी लागतात.

म्हणून तुलना केवळ उभारणीच्या खर्चाची करून भागत नाही. पाण्याची खोली, किनाऱ्याचे अंतर, साठ्याचे आयुष्य, दुरुस्तीचा खर्च आणि शेवटी सारे काढून नेण्याचा खर्च, हे एकत्र मांडावे लागते.

तरीही एक प्रश्न उरतो. २७ जुलै २००५ रोजी, महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हाय नॉर्थवर एका जखमीला उतरवून देण्यासाठी आलेले जहाज लाटांनी प्लॅटफॉर्मवर आदळले. समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म यांदरम्यान तेल-वायू नेणारा उभा नळ, म्हणजे राइझर, फुटला. आग भडकली आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. ३६२ जण वाचले, २२ जण गेले.

राइझर बाहेरच्या अंगाला की आत, जहाज लागण्याची जागा त्याच्यापासून किती दूर, निवासाच्या खोल्या वायूच्या यंत्रांपासून किती लांब, हे निर्णय कागदावर असतानाच स्वस्तात बदलता येतात. आराखड्यांची तुलना करताना ‘काही बिघडले, तर माणसे कशी सुटतील?’ हे आधी विचारावे आणि खर्चाचे आकडे त्यानंतर मांडावेत.