मुठीवरचा काकाकुवा

तलवार म्हटली की आपली नजर आधी पात्यावर जाते. पण वाचकहो, तलवारीचा इतिहास पुष्कळदा तिच्या मुठीत दडलेला असतो. फिलिपाइन्सच्या दक्षिणेस मिंदानाव बेट आणि सुलू द्वीपसमूह आहे. तेथील मोरो मुसलमानांच्या तलवारींवरून हे चांगले ध्यानात येते.

त्यांच्या दोन तलवारी प्रसिद्ध आहेत. ‘क्रिस’ दुधारी, कधी नागमोडी तर कधी सरळ. ‘बारोंग’ एकधारी, पानासारखी रुंद. दोहोंच्या मुठीच्या टोकाला बहुधा पक्ष्याचे डोके असते. त्याला म्हणतात ‘काकातुआ’. आपला काकाकुवा तो हाच. शब्दही मूळचा मलय.

आता हा पक्षी तिथे कशाला? नुसत्या शोभेला नव्हे. वार करून तलवार मागे ओढताना घामेजलेल्या हातातून मूठ निसटू पाहते. त्या वेळी टोकाचा बाक करंगळीच्या बाजूने हाताला अडतो. म्हणूनच जुन्या क्रिसची मूठ लहान, आटोपशीर असे. पक्षी ओळखू येईल न येईल इतकाच.

एकोणिसाव्या शतकात मात्र चोच लांबली, तुरा उंचावला. दातू म्हणजे तेथील सरदार. त्यांच्या तलवारींना हस्तिदंत आणि चांदी आली. ‘ओकिर’ नावाच्या वेलबुट्टीत पक्षी जवळजवळ हरवून गेला. अशी मूठ हातघाईत अडचणीचीच, पण दरबारात मान वाढवणारी!

पुढे अमेरिकी अंमल आला. 1911 साली गव्हर्नर पर्शिंग यांनी मोरोंना निःशस्त्र करण्याचा हुकूम काढला. 1913 मध्ये बुद बागसाक येथे मोठी लढाई झाली. कमरेची तलवार गेली. लोहाराच्या दारी आता लढवय्याऐवजी आठवणीची वस्तू शोधणारा शिपाई आणि प्रवासी येऊ लागला. त्याला मूठ हातात बसते की नाही याची काय पर्वा? ती नजरेत भरली म्हणजे झाले.

एक सावधगिरी मात्र हवी. चांगले पाते टाकून देत नसत. त्यावर नवी मूठ चढवत. म्हणजे पाते आजोबांचे, मूठ नातवाची! तेव्हा संग्रहालयात अशी तलवार दिसली, तर केवळ मुठीवरून तिचे वय ठरवू नका. ही मूठ हातासाठी घडवली, दरबारासाठी की बाजारासाठी, एवढे मात्र अवश्य विचारा. उत्तर बहुधा त्या चोचीतच सापडेल.