पाड्यावर चालेल असा संगणक
(घरचा संगणक : भाग ६)

कीबोर्डच्या पोटातच अख्खा संगणक बसवायचा आणि पडद्याचं काम घरच्या टीव्हीवर सोपवायचं, ही कल्पना चाळीस वर्षांहून जुनी आहे. १९८२ साली ब्रिटनमध्ये निघालेला झेडएक्स स्पेक्ट्रम असाच होता. ऐंशीच्या दशकातच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याचा भारतीय अवतार ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने परवाना घेऊन विकला. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच धर्तीचा रास्पबेरी पाय ४०० आला, किंमत ७० डॉलर. तेव्हा शाळा बंद होत्या. टीव्ही घरोघरी होता, संगणक नव्हता.

हौशी मंडळींनी तो डोक्यावर घेतला आणि लगेच पुढच्या मॉडेलच्या मागण्याही सुरू केल्या. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी हवी, रॅम वाढवा, बटणं चांगली द्या. डिसेंबर २०२४ मध्ये पाय ५०० आला तो ८ जीबी रॅम घेऊन, पण एसएसडीविना. ज्यांनी तो उघडला त्यांना आत एसएसडीसाठी आखून ठेवलेली रिकामी जागा दिसली. काहींनी तिथे स्वतः सोल्डरिंग करून पाहिलं. अखेर सप्टेंबर २०२५ च्या ५०० प्लसमध्ये २५६ जीबीची एसएसडी, १६ जीबी रॅम आणि मेकॅनिकल बटणं, सगळं मिळालं. किंमत झाली २०० डॉलर.

हीच यादी पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत बसून करायला घेतली, तर एसएसडी पहिल्या क्रमांकावर राहत नाही. तिथे पहिली येते बॅटरी.

डहाणूच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच १९९५ पासून आहेत आणि त्यांची वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाते. तलासरीकडच्या पाड्यांवर मात्र पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की अंधार होतो. संगणक मेमरी कार्डावर काही लिहीत असताना वीज गेली तर नुसतं चालू काम जात नाही. फाइलींची नोंदवहीच बिघडू शकते आणि मशीन पुन्हा सुरूही होत नाही. रास्पबेरीच्या एकाही कीबोर्ड-संगणकात बॅटरी नाही. हिशेब तर अवघड नाही. साधं लिहिण्या-वाचण्याचं काम करताना संगणक आणि छोटा पडदा मिळून १० वॉट धरले, तर चार तासांना ४० वॉट-तास लागतात. लॅपटॉपच्या नेहमीच्या बॅटरीत साधारण तेवढी ऊर्जा असते. मुद्दा वॉट कमी ठेवण्याचा आहे, कारण ढगाळ जुलैत सौर पॅनेल फार काही देत नाही. कंपनीची वाट मात्र उलटी चालली आहे: पाय ४०० ला १५ वॉटचा अडॅप्टर पुरायचा, ५०० साठी २७ वॉटचा सुचवला जातो.

इतक्या कमी विजेवर चालणारं मशीन होऊ शकतं का? झालेलं आहे, आणि महाराष्ट्रात वापरलंही गेलं आहे. २००७ साली कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती आले. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, म्हणजे वेगाच्या नावाने आनंदच. पण मागचा दिवा बंद करून भर उन्हात वाचता येणारा पडदा त्याला होता, धूळ-पाणी आत जाऊ न देणारा रबरी कीबोर्ड होता आणि वीज तो अगदी बेताने खायचा. शंभर डॉलरला लॅपटॉप देण्याचं आश्वासन पाळता आलं नाही, पुढे प्रकल्पही मागे पडला. त्याच्या पडद्याचा गुण मात्र कोणत्याही मोठ्या कंपनीने घरच्या स्वस्त संगणकात उचलला नाही, ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिक्षण मुलांपर्यंत नेण्याचा असाच प्रश्न कधीच सोडवला होता. गुरं राखणारं पोर शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात न्यायची. साधनं म्हणून पानं, बिया, खडे, शिंपले वापरायचे. संगणकालाही हीच कसोटी लावायला हवी. भिंतीवरचा प्लग आणि एचडीएमआयचा टीव्ही सोडून तो अंगणात चालला पाहिजे.

आणि बटणांवर देवनागरी अक्षरं हवीत. इन्स्क्रिप्ट मांडणी ऐंशीच्या दशकातली, डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं. बाराखडी शिकलेल्या मुलाला ती पटकन उमगते. लिनक्समध्ये ती फुकट असते, पण बटणांवर इंग्रजीच छापलेलं. इथे ५०० प्लसने नकळत एक वाट उघडली आहे. त्याची बटणांची टोपणं निघतात आणि ती काढायचं हत्यार खोक्यातच येतं. मराठी अक्षरांच्या टोपणांचा संच बनवायला त्या कंपनीची वाट पाहावी लागत नाही. पुण्या-मुंबईतला एखादा प्लॅस्टिक कारखानदारही ते काम करू शकेल.

पुढच्या भागात : जुन्या लॅपटॉपची बॅटरी पुन्हा वापरताना सेल कसे तपासायचे.