वऱ्हाडातून बर्फाच्या उतारावर

वऱ्हाडातील सहलीचा एक शिरस्ता आहे. चिखलदऱ्याला गेलेले कुटुंब देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट, पंचबोल असे करीत दिवस मावळण्यापूर्वी गाविलगडाचा दरवाजाही उरकून घेते, आणि एकंदर किती ठिकाणे ‘झाली’ या हिशेबावर सहल साधली की फसली याचा निवाडा करते. हाच शिरस्ता काश्मीरपर्यंत नेणाऱ्या मंडळींना गुलमर्ग म्हणजे श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचे एक ठिकाण वाटते; परंतु पायांना स्की बांधून बर्फावरून उतरण्याची विद्या सहकुटुंब शिकावयाची असेल, तर प्रथम जे मोडावे लागते ते हे ठिकाणांचे गणितच होय. ही विद्या आखाड्याच्या जातीची आहे. तिला एका जागचा मुक्काम लागतो, नित्याचा सराव लागतो, आणि घरातील सर्वांत कच्च्या गड्याच्या चालीने चालण्याचा संयम लागतो.

स्थळाच्या निवडीत फार घोळ घालण्याचे कारण नाही. उत्तराखंडातील औलीचा उतार नवशिक्यास उत्तम, आणि तेथे गढवाल मंडल विकास निगमाचे प्रशिक्षणवर्गही चालतात; पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठाची जमीन खचू लागल्यापासून तेथून औलीवर जाणारा रज्जुमार्ग बंद पडला, आणि ऋषिकेशपासूनचा घाटरस्ता लहान मुलांच्या पोटाची परीक्षा पाहणारा आहे. मनालीजवळील सोलंगचा उतार आखूड आणि दिवसभराच्या प्रवाशांच्या गर्दीने तुडवलेला. एखादा दिवस चव घेण्यास ठीक. कुटुंबातील काही जण नवशिके आणि काही जण थोडे शिकलेले असतील, तर दोघांचीही सोय जेथे एकाच गावी होते असे स्थळ म्हणजे बारामुल्ला जिल्ह्यातील, सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्ग, जेथे इंग्रजांनी १९२७ साली स्की क्लब स्थापिला आणि जेथे आज केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग व गिर्यारोहणाची संस्था रीतसर वर्ग चालविते.

खरी अडचण आहे ती मुदतीची. आपल्या शाळांची दिवाळीची सुटी बर्फ पडण्यापूर्वी सरते, उन्हाळ्याची सुटी बर्फ वितळल्यावर लागते, आणि ज्या फेब्रुवारीत उतार सर्वांत चांगला असतो त्याच फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ म्हणून कडक थंडीचा काळ मानतात, आणि पूर्वी त्याच्या भरवशावर बेत ठरविता येत असे. आता तो भरवसा उरलेला नाही. २०२४ चा बहुतेक जानेवारी गुलमर्गने कोरडाच काढला, आणि २०२५ मध्ये हिमाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. म्हणून माझ्या मते जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य ही मुदत धरावी, आणि ज्या घरात परीक्षार्थी आहे त्या घराने त्या वर्षापुरता हा बेत निःसंकोच तहकूब ठेवावा. काश्मिरातील परिस्थितीविषयी शासकीय सूचना निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात, हे वेगळे सांगावयास नको.

अकोला किंवा बडनेऱ्याहून नागपूर गाठावे, तेथून विमानाने दिल्ली व श्रीनगर. सवड असेल तर रेल्वेने कटऱ्यापर्यंत, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून चिनाबच्या पुलावरून थेट श्रीनगरपर्यंत गाडी मिळते. हिवाळ्यात दिल्लीचे धुके आणि श्रीनगरचा हिमवर्षाव विमाने अडवितात, तेव्हा जाता-येता एकेक दिवस राखीव हवा. गुलमर्गच्या वाटेवरील टंगमर्गच्या पुढे बर्फ असल्यास चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडीच चालते. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड मोबाइल जोडणी तेथे बंद पडते. घरातील एकाकडे तरी पोस्टपेड असू द्यावी.

आता वेषाविषयी, आणि येथे आपल्या प्रदेशाचा अभिमान थोडा बाजूस ठेवावा लागेल. ज्या जिल्ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या गाठी बांधून गिरण्यांना पोचविल्या, तेथील माणसास सुती बनियन आणि सुती मोजे हेच सुखाचे वस्त्र वाटावे यात नवल नाही. परंतु कापसाचा तंतू पाणी धरून ठेवतो, घामाने वा बर्फाने भिजला की लवकर वाळत नाही, आणि अंगातील ऊब ओढून घेतो. तेव्हा अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कापड, त्यावर लोकरीचा थर, आणि सर्वांवर पाणी न शिरणारे आवरण अशी तजवीज करावी. डोळ्यांवर गॉगल आणि चेहऱ्यावर सनस्क्रीन हवेच. अकोल्याच्या उन्हात वाढलेल्यास ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण ताजे बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकते.

बूट आणि स्की तेथेच भाड्याने मिळतात, आणि पहिल्या सकाळचा एक तास बुटांवर खर्च झाला तरी तो वाया गेला असे समजू नये. ताठ उभे राहिले असता बोटांची टोके पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकविताच ती मागे सरावीत, टाच मात्र जागची हलू नये. आत एकच मोजा, आणि विजारीचे टोक बुटाबाहेर. दोन मोजे चढविणारा बहाद्दर दुपारपर्यंत नडगी चोळीत बसतो. पंधरा मिनिटांत पाय बधिर झाला तर भीड न धरता जोड बदलून मागावा. मुलांना हेल्मेटशिवाय उतारावर सोडू नये.

शिक्षणाचा क्रम सर्वत्र एकच : पडावे कसे, उठावे कसे, आडव्या पावलांनी चढावे कसे, आणि मग स्कींची पुढची टोके जवळ व मागची दूर करून वेग मारावा कसा. याला ‘स्नो-प्लाऊ’ म्हणतात. मुलांना प्रशिक्षक ‘पिझ्झा’ करावयास सांगतात, आणि मोठ्यांनाही तोच शब्द अधिक लवकर उमगतो. भयाने माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलला की स्की त्याच्या हुकमात राहत नाहीत. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून, गुडघ्यांत वाकून पुढे झुकणे हेच यातील मर्म आहे. त्यास मांड्यांचे बळ लागते. ज्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, आणि ज्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, तेथील नागरिकांस निघण्यापूर्वी दीड-दोन महिने बैठका काढा, एवढे सांगणे पुरे.

गुलमर्गच्या पठारावरील सौम्य उतारावर नवशिक्यांनी निदान तीन दिवस काढावेत. ज्यास मध्यम उतारावर दोन्ही बाजूंना वळता येते आणि मनात येईल तेथे थांबता येते, तो मध्यम प्रतीचा. त्याने ‘गोंडोला’ या रज्जुमार्गाच्या, १९९८ पासून चालू असलेल्या पहिल्या टप्प्याने कोंगडोरीला जावे. दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरवर, अफरवट शिखराच्या खांद्यावर नेतो. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ-बासष्ट टक्के असतो, आणि आखलेल्या हद्दीबाहेर हिमस्खलनाचे भय खरे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू याच परिसरात हिमस्खलनात मृत्यू पावले. पाळण्यात बसून वर जाऊन त्याच पाळण्याने खाली येण्यास हरकत नाही, पण स्की घेऊन तेथून उतरण्याचा मोह घरातील कोणासही होऊ देऊ नये.

यावरून उघड होईल की दिवसभर सर्वांनी एकत्र राहण्याचा आपला आग्रह येथे चालत नाही. लेकीने कोंगडोरीला जावे, वडिलांनी खाली पडत-उठत शिकावे, आजीने शेगडीजवळ कहवा घ्यावा, आणि दुपारी एकाच टेबलाशी जमावे. प्रशिक्षकही दोन लागतात, आणि बाप लेकीचा प्रशिक्षक होऊ पाहील तर दोघांचाही दिवस जातो. प्रवासविम्याच्या तपशिलात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

आणि गुलमर्गच्या मुक्कामासाठी चार दिवसांहून कमी रजा मिळत असेल, तर स्की भाड्याने घेऊच नयेत. गोंडोलाने कोंगडोरी पाहावी, बर्फात मुलांना खेळू द्यावे, आणि शिकण्याचा खर्च पुढल्या, लांब रजेच्या वर्षासाठी राखून ठेवावा.