भात नको, पेज तरी द्या

१९४३ चं कलकत्ता. दारोदार एकच हाक, 'फॅन दाओ गो!' भात मागायची सोयच नव्हती. भात वेळून उरलेलं पाणी तरी घाला, एवढंच मागणं.

बंगालच्या त्या दुष्काळात अंदाजे ३० लाख माणसं गेली. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला, तिथला तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी किनारपट्टीतल्या हजारो नावा जप्त केल्या, फोडल्या. नावेविना कोळ्यानं करायचं काय? त्यात ऑक्टोबर १९४२ चं मेदिनीपूरचं वादळ.

सरकारनं अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केलाच नाही!

चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपुरात हिंडले, भुकेल्यांची चित्रं काढली. त्यांच्या 'हंग्री बेंगॉल' पुस्तिकेच्या प्रती सरकारनं जाळल्या. पुढे ते मुंबईत, अंधेरीला राहिले आणि मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ करू लागले.