कृत्रिम मूत्रपिंड आणि न दिसणारा डाग

पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले की आपण ती जागा पाण्याने चोळतो. पिवळा डाग फिका होतो आणि वाळल्यावर दिसेनासा होतो. पण त्यावर साबण लागताच तीच जागा लाल होऊन उठून दिसते. हळद तेथे होतीच, आपल्याला दिसत नव्हती एवढेच. आता हळदीऐवजी रक्ताचा सूक्ष्म डाग असेल आणि तो दाखवून देणारा साबणच नसेल तर? अपोहन केंद्रात, म्हणजेच डायलिसिस सेंटरमध्ये, हा प्रश्न रोजचाच असतो.

वसई-विरार शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर होती. एवढ्या वस्तीत मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण असणारच. कोणी घराजवळच्या केंद्रात जातो, तर कोणी लोकलने मुंबई गाठतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास त्यांचे रक्त यंत्राच्या साहाय्याने शुद्ध केले जाते. मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त बाहेर येते असे धरले, तर चार तासांत ७२ लिटर होतात. शरीरात रक्त असते सुमारे ५ लिटर. म्हणजे तेच रक्त चौदा वेळा बाहेर फिरून येते!

रक्त इतक्या वेळा शरीराबाहेर येते, म्हणून रक्तातून पसरणाऱ्या रोगांची येथे विशेष भीती असते. त्यांपैकी एक हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला सूज आणणारा रोग. त्याचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्यापूर्वी डॉक्टर या रोगाला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असेच म्हणत. या शोधाबद्दल आल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा रोग वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता यकृत पोखरतो. त्यावर लस अजून नाही.

दोष यंत्राचा का?

प्रथम संशय यंत्रावर येतो. पण रक्त यंत्राच्या पोटात जातच नाही. ते नळ्यांतून कृत्रिम मूत्रपिंडात जाते. त्यात केसासारख्या बारीक हजारो नलिका असतात. त्यांच्या भिंतींतील छिद्रे अवघ्या काही नॅनोमीटरची, तर विषाणू सुमारे ५० नॅनोमीटरचा. युरिया पार होतो, विषाणू अडतो. भिंत फाटली नाही, तर तो पलीकडच्या द्रवात उतरत नाही.

मग तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? बहुधा हातांवरून आणि वस्तूंवरून. एका रुग्णाची सुई काढलेला हातमोजा यंत्राच्या बटणाला लागतो. तेच बटण दाबून दुसरा हात पुढच्या रुग्णाकडे वळतो. रक्त गोठू नये म्हणून देण्याच्या हेपॅरिनची एकच कुपी अनेकांसाठी खाटेखाटेवर फिरते. अमेरिकेत २०१४ व २०१५ मध्ये १९ केंद्रांत अशा ३६ नव्या लागणी नोंदल्या गेल्या. तेव्हा महागडी यंत्रे असली तरी स्वच्छतेचे नियम पाळावेच लागतात.

थोडे गणित करू. लागण झालेल्या माणसाच्या १ मिलिलिटर रक्तात १० लाख विषाणू असू शकतात. १ मिलिलिटरचे साधारण २० थेंब होतात. एका थेंबाचे ५०० भाग केले, तर त्यांतला एक भाग डोळ्यांना दिसणार नाही. पण त्यात १०० विषाणू असतील! वाळलेल्या डागातही हा विषाणू काही आठवडे टिकू शकतो.

उपाय साधे, पण रोजचे

प्रत्येक रुग्णानंतर हातमोजे बदलावेत आणि हात धुवावेत. खुर्ची, यंत्राचा बाहेरचा भाग आणि बटणे डाग दिसो वा न दिसो जंतुनाशकाने पुसावीत. औषधे वेगळ्या स्वच्छ जागी भरावीत आणि एका रुग्णाजवळ नेलेली वस्तू दुसऱ्याकडे नेऊ नये. कृत्रिम मूत्रपिंड धुऊन पुन्हा वापरायचे असेल, तर ते त्याच रुग्णासाठी, नाव ठळक लिहून.

अपोहन सुरू करताना आणि नंतर दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात. पण लागण झाल्यावर रक्तात प्रतिपिंडे दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. म्हणून ‘याचा अहवाल चांगला आहे’ असे म्हणून कोणाच्या बाबतीत ढिलाई करून चालत नाही. रुग्णाने केंद्र बदलले, तर अहवालही सोबत न्यावा.

लागण झालीच तर घाबरू नये. आज सुमारे १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांपैकी ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व उपचार मोफत आहेत. शेजारी बसल्याने, एकत्र जेवल्याने वा हात मिळवल्याने हा रोग होत नाही. तेव्हा अशा रुग्णाला दूर लोटू नका.

करून पाहा

एका मित्राच्या बोटांना किंचित ओली हळद लावून ती पुसून टाका. मग त्याला चार-पाच पांढऱ्या कागदांना हात लावू द्या. कागद कोरेच दिसतील. आता त्यांवर धुण्याच्या सोड्याचे पाणी कापसाने फिरवा आणि तांबडे ठसे मोजा. रक्ताच्या डागासाठी असे सोड्याचे पाणी केंद्रात नसते. म्हणून तेथे प्रत्येक वेळी सगळेच पुसावे लागते.