पाण्याचा उलटा हिशेब

पाण्याचे मोल बीड जिल्ह्याला कोणी शिकवावे, अशी स्थिती नाही. केज तालुक्यातील धनेगावचा मांजरा प्रकल्प २०१६ साली कोरडा पडला आणि त्यावर विसंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा या प्रदेशात काँक्रीटच्या कामी मात्र पाण्याचा हिशेब बहुधा उलटा केला जातो. माल कालवताना ते सढळ हाताने ओतले जाते; स्लॅब पडल्यानंतर, जेव्हा त्याची खरी गरज असते, तेव्हा हात आखडतो.

सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणी पुरते. हाताळणीच्या सोयीसाठी थोडे अधिक घालावे लागते. तथापि त्यापलीकडचे पाणी वाळून गेले की मागे सूक्ष्म छिद्रे उरतात. त्यांतून हवा व ओल शिरते, सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. पाणी वाढले की बळ घटते, हे डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ सालीच दाखवून दिले. भारतीय मानकानुसार सौम्य हवामानातही सळईच्या काँक्रीटला ५० किलोंच्या पोत्यामागे साडेसत्तावीस लिटरांहून अधिक पाणी नसावे. ओल्या वाळूतील पाणीही या हिशेबात धरायचे असते.

गवंडी पाणी वाढवतो ते निव्वळ निष्काळजीपणाने नव्हे. घट्ट माल सळयांच्या दाटीत उतरत नाही, ही त्याची खरी अडचण आहे. प्लॅस्टिसायझर नावाचे द्रव्य येथेच उपयोगी पडते. ते सिमेंटच्या कणांच्या गुठळ्या सोडवते. त्यांत अडकलेले पाणी मोकळे होते आणि कमी पाण्यातही माल वाहता राहतो. सुपरप्लॅस्टिसायझरने तर पाण्यात पाचव्या हिश्शाची किंवा त्याहूनही अधिक बचत साधते. मात्र द्रव्य घालून पाणी पूर्वीइतकेच ठेवले, तर टिकाऊपणाच्या दृष्टीने तो खर्च वाया जातो. प्रमाणाबाहेर घातल्यास माल फुटतो व उशिरा घट्ट होतो.

दुसरे साहाय्य राखेचे. परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळून जी बारीक राख उरते, त्या जातीची राख पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के असते. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी ओलाव्यात तिचा संयोग होतो आणि छिद्रे बुजतात. चुन्यात सुरखी मिसळणाऱ्या जुन्या कारागिरांनी हेच साधले होते. परंतु ही क्रिया संथ आहे. म्हणूनच उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस, आणि राखेच्या सिमेंटला चौदा दिवस ओलावा राखावा, अशी मानकाची शिफारस आहे.

टंचाईत इतके पाणी आणावे कोठून, हा प्रश्न रास्त आहे. वैशाखाऐवजी पावसाळ्यानंतर स्लॅब टाकणे, ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून बाष्पीभवन रोखणे, हे उपाय कोणाच्याही आवाक्यातील आहेत. अडचण वेगळीच आहे. स्लॅब पडला की गवंड्याचे काम संपते आणि पुढचे पाणी मारणे कोणाकडे, हे करारात लिहिलेलेच नसते. शाळेची खोली असो, गावची टाकी असो की कारकुनाने भविष्यनिर्वाह निधी काढून बांधलेले घर; त्याचे आयुष्य या बेवारशी चौदा दिवसांतच ठरते. ते करारात नोंदवून घेण्यास एक ओळ पुरेशी आहे.