दिव्याच्या अवसेचे सूर्यग्रहण : घरात बसू नका, पण डोळे सांभाळा

२ ऑगस्ट २०२७ ही तारीख वहीत टिपून ठेवा. वार सोमवार, आषाढी अमावास्या, म्हणजे आपली दिव्याची अवस. त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्झर शहराच्या परिसरात सूर्य पुरता झाकला जाऊन सहा मिनिटांहून जास्त वेळ अंधार पडेल. आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र ते खंडग्रास दिसणार. कोकणाकडे सूर्याचा लचका मोठा तुटलेला दिसेल, विदर्भाकडे जाल तसा लहान. वेळ साधारण दुपारी चार ते साडेपाच. गावागणिक थोडा फरक पडतो, नेमकी वेळ त्या वर्षीच्या पंचांगात मिळेल.

आता या वेळेकडे नीट लक्ष द्या. सोमवारचे साडेचार-पाच म्हणजे शाळा सुटण्याची वेळ. पोरं दप्तर पाठीला लावून वाटेला लागलेली, खुरपणीच्या बाया घराकडे निघालेल्या, आणि सूर्य पश्चिमेला अर्ध्यावर उतरलेला, सरळ डोळ्यांसमोर. ग्रहण आहे म्हटल्यावर मान वर जाणारच. मोठ्यांनी कितीही 'बघू नका' म्हटले तरी पोरगं भिंतीआडून बघतंच, आणि चोरून बघणारा उघड्या डोळ्यांनी बघतो. म्हणून बंदी घालण्यापेक्षा गावाने मिळून, सगळ्यांदेखत, व्यवस्थित ग्रहण बघण्याचा कार्यक्रम ठरवावा, हे आमचे म्हणणे आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि मुख्याध्यापक या तिघांनी मनावर घेतले तर खर्च फार नाही. १ मे २०२७ च्या ग्रामसभेत विषय घ्यावा, म्हणजे चष्मे मागवायला तीन महिने हातात राहतात.

ग्रहणातले किरण विषारी नसतात. सूर्य तोच, ऊनही तेच. रोज आपण सूर्याकडे टक लावून बघत नाही, ग्रहणात बघतो, एवढाच फरक. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणे कळत नाही. तो भाजतो तेव्हा काहीच जाणवत नाही, आणि काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो. हा डाग कधी कधी कायमचा राहतो. डिसेंबर २०१९ च्या ग्रहणानंतर जयपूरकडे काही मुलांची नजर अधू झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. खंडग्रास ग्रहणात तर उघड्या डोळ्यांनी बघावे असा एक क्षणही नसतो.

घरगुती उपायांचे काय? काजळी धरलेली काच, जुना एक्सरे, कॅमेऱ्याची फिल्म, उन्हाचा गॉगल, यांपैकी काहीही चालत नाही. यातून ऊन फिके दिसते, पण पडदा भाजणारे किरण आत येतातच. जुनी माणसे परातीत शेणाचे नाहीतर हळदीचे पाणी घेऊन त्यात सूर्य बघतात. पाणी उजेडाच्या शंभरातले दोन ते पाच भाग परत फेकते. ग्रहणाचा चांगला चष्मा लाखातले तीन भागही आत येऊ देत नाही. हिशेब तुम्हीच करा. वेल्डिंगची काच घ्यायचीच तर १४ नंबरची हवी. वेल्डिंगवाल्याकडे रोजच्या कामाला असते ती त्याहून फिकी असते, म्हणून 'त्याच्याकडून आणली' एवढ्यावर भागत नाही, नंबर बघून घ्या.

चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हा छाप बघावा. छाप खोटाही असू शकतो, तेव्हा परीक्षा घ्या. चष्मा घालून घरात बघितले तर काही म्हणता काही दिसता कामा नये. ओरखडा किंवा टाचणीएवढे छिद्र असेल तर फेकून द्या. मान खाली घालून चष्मा लावायचा, मग वर बघायचे. काढताना आधी तोंड फिरवायचे, मग काढायचा. चष्मा लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून बघणे तर मुळीच नको, तिथे भिंगाने एकवटलेले ऊन चष्माही जाळते. प्रत्येकाला वेगळा चष्मा लागत नाही. ग्रहण बराच वेळ चालते, पाच-सहा पोरांत एक आळीपाळीने पुरतो.

आणि चष्मा नसेल तरी अडत नाही. सूर्याकडे पाठ करून उभे राहा, घरातली पिठाची चाळणी धरा आणि तिची सावली पांढऱ्या कागदावर पाडा. प्रत्येक भोकातून एक-एक सूर्य उतरेल, आणि प्रत्येकाला लचका तोडलेला असेल. आंब्याखाली, चिंचेखाली जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसेही त्या वेळी कोरीसारखे वाकडे होतात. म्हातारी माणसे हे बघून हरखतात, असा अनुभव आहे.

गावाला एकदम दाखवायचे तर आरसा घ्या. लहान आरशावर जाड कागद चिकटवून त्याला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक ठेवा. पूर्वेला दार असलेली शाळेची खोली अंधारी करा आणि आरसा अंगणात उन्हात, आतल्या भिंतीपासून ११ मीटरवर स्टुलावर टेकवा. भिंतीवर साधारण १० सेंटिमीटरचा सूर्य पडेल. अंतर दुप्पट केले की चित्रही दुप्पट मोठे, पण फिके होते. सूर्य सरकतो तसे चित्र सरकते, म्हणून आरशाजवळ एक समजूतदार माणूस बसवा. कुणी आरशात डोकावणार नाही हेही त्यानेच बघायचे. ही तालीम कोणत्याही उन्हाच्या दिवशी करता येते आणि ती आधी कराच. ऐन वेळी आरसा हातात घेतलात तर चित्र भिंतीवर यायच्या आत ग्रहण सुटेल.

आता वेधांबद्दल. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी धरतात, म्हणजे पहाटे चारपासून. ज्यांना पाळायचे आहेत त्यांनी जरूर पाळावेत, त्यावरून गावात वाद नको. दीपपूजनालाही अडचण नाही, दिवेलागणीच्या आत ग्रहण सुटलेले असेल. पण गरोदर सुनेला पहाटेपासून पाण्याच्या घोटाशिवाय ठेवणे हे पाळणे नव्हे. लेकरे, आजारी आणि गरोदर बाया यांना सूट आहेच, असे जुने जाणकारही सांगतात. विळी हातात घेतली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही. ओठ पहिल्या दोन महिन्यांतच घडून गेलेला असतो, तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंनी आधीच्या आठवड्यात घरोघर एवढे एकच सांगितले तरी मोठे काम होईल. सासूबाईंसमोर सांगावे, म्हणजे उपयोग.

पिकाला, जनावरांना काही होत नाही. सोयाबीन, कापूस एरवी आभाळ आले की याहून कमी उजेडात दिवस काढतात. धार नेहमीच्या वेळी काढा. सौर कृषिपंप मात्र त्या वेळात पाणी थोडे कमी फेकेल. सूर्य जेवढा झाकला तेवढी वीज कमी. बिघाड समजून तारा उचकू नका.

खरी धास्ती आहे ती पावसाची. ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९ ही दोन्ही ग्रहणे पावसाळ्यात आली आणि बऱ्याच ठिकाणी ढगांनीच गिळली. पातळ ढगाआडून सूर्य पांढऱ्या थाळीसारखा दिसतो आणि बघवतोही, तेव्हाच माणसे फसतात. तिथेही चष्मा हवाच. धो धो कोसळलाच तर मुलांना खोलीत बसवून दिवा, चेंडू आणि लिंबू घेऊन ग्रहण करून दाखवा आणि सगळ्यांना भजी-चहा द्या. चष्मे कोरड्या पाकिटात सपाट ठेवा. २१ मे २०३१ ला पुन्हा ग्रहण आहे. केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती आणि आपल्याकडे खंडग्रास, भर उन्हाळ्यात.